उतर म्हणेपर्यंत

बीदरजवळच्या कोळारच्या औद्योगिक वसाहतीत, जिथे लॉऱ्या वळताना हमखास एकमेकींना अडकून बसतात, त्या कोपऱ्यावर प्रभुलिंगचं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. जळालेले पंप, करपलेले पंखे, कारखान्यातल्या दमलेल्या मोटारी सगळ्या त्याच्याकडे येतात. तो तांब्याची तार मोजून गुंडाळतो. एक वेढा कमी नाही, एक जास्त नाही. गिऱ्हाईक घाईला आलं की मान वर न करता म्हणतो, "घाई आसंल तर दुसरीकडं जा. मला खोटं काम जमत न्हाई." अठ्ठावन्न वर्षांचा गडी, कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, अंगात तेलकट खाकी शर्ट. दुकानाच्या छतावर मात्र चाळीस फुटी लोखंडी पाइप आणि त्याच्या टोकाला माशाच्या काट्यासारखी अँटेना. ही कसली म्हणून कुणी विचारलं तर शेजारचा वेल्डिंगवाला सांगतो, "आमचे अप्पा हवेतनं बोलतेत."

ते खरंच होतं. लोक छंद म्हणून पत्ते कुटतात, कबुतरं पाळतात. प्रभुलिंगने सरकारची परीक्षा देऊन वायरलेसवर बोलायचा परवाना काढला होता. याला हॅम रेडिओ म्हणतात. ना पगार, ना बक्षीस. आपल्यासारख्याच दुसऱ्या परवानेवाल्याला हाक मारायची, तुझा आवाज किती स्वच्छ येतोय ते आकड्यात सांगायचं, त्याने आपला आकडा सांगायचा आणि दोघांनी ते आपापल्या वहीत लिहून ठेवायचं, एवढाच खेळ. बोलायला परवाना लागतो हे त्याच्या बायकोला, उमादेवीला, शेवटपर्यंत पटलं नाही. "घरात चार शब्द बोलायचे तर जिवावर येतंय," ती म्हणायची, "आन् बाहेर बोलाय परीक्षा देऊन आलेत."

ग्यानबा भेटला तो अकरा वर्षांपूर्वी, हुमनाबादच्या नाक्यावरच्या धाब्यावर. प्रभुलिंग आपली जुनी हिरो होंडा घेऊन बसवकल्याणच्या बाजूला एका माळावर निघाला होता. रेडिओच्या लाटा सरळ रेषेत जातात, मध्ये काही आडवं आलं की अडतात. म्हणून हे लोक उंचावर चढतात. मागे अँटेना बांधलेली. ती घरीच केलेली होती: पाण्याच्या प्लास्टिक पाइपला सुताराच्या मोजायच्या पोलादी टेपचे तुकडे ठोकलेले, म्हणजे गाडीवर दुमडून बसतात आणि सोडले की ताठ होतात. चहा पीत बसलेल्या एका दांडग्या शेतकऱ्याने तिच्याकडे निरखून पाहिलं.

"मालक, मासे धराय निघालाव का?"

"न्हाई. बोलाय."

"कुणाला?"

"जो ऐकंल त्याला."

शेतकऱ्याने ग्लास खाली ठेवला आणि तोंड पुसलं. "मग थांबा की. मी बी येतो."

तो ग्यानबा. खजुरीचा, बारा एकर तुरीचा धनी, हुमनाबादला ट्रॅक्टरचा कसलासा भाग घ्यायला आला होता. भाग राहिला बाजूला आणि हा आपली लाल यामाहा घेऊन प्रभुलिंगच्या मागे माळावर चढला. वर प्रभुलिंगने अँटेना धरली, बटन दाबलं, हाक दिली, आणि सोलापूरकडच्या कुणा मास्तराने जबाब दिला. मध्ये तार नाही, टॉवर नाही, कंपनी नाही. ग्यानबा खाली बसला आणि लहान मुलासारखा हसत सुटला.

त्यानंतर तो परीक्षेला बसला. दहावीला गणितात आडवा झालेला माणूस, पेपर इंग्रजीत. दोनदा नापास झाला. तिसऱ्यांदा प्रश्नपुस्तिका अख्खी पाठ करून बंगळूरला गेला आणि पास होऊन आला. येताना त्याने प्रभुलिंगला आपल्या अंगावरची शाल काढून घातली. तेव्हापासून त्यांचं ठरून गेलं. महिन्यातले दोन रविवार गाडी काढायची, एकाने एका माळावर चढायचं, दुसऱ्याने दुसऱ्या, आणि मधल्या सत्तर-ऐंशी किलोमीटरच्या तुरीवरून, उसावरून, लाल दगडाच्या खाणींवरून एकमेकांना हाक मारायची. पुण्याकडचे लोक हसतील. आपल्याकडे डोंगर म्हणजे जमिनीला आलेलं टेंगूळ. पण टेंगळावर उभं राहिलं तरी माणूस शेजारच्या तालुक्यात ऐकू जातो, हे त्या दोघांना कळलं होतं. चिंचोळीचं जंगल झालं, आळंदच्या अंगचे माळ झाले, औरादकडचे झाले. ग्यानबाने ठरवून टाकलं की शंभर माळ करायचे.

दोघांचे स्वभाव मात्र उत्तर-दक्षिण. प्रभुलिंगची नोंदवही बँकेतल्या बाईच्या हस्ताक्षरासारखी. वेळ, ठिकाण, आकडा. ग्यानबाची वही म्हणजे पोरांची दोनशे पानी, तिच्यात आकड्यांच्या शेजारी वाटेल ते: 'वारं लई', 'घोणस दिसली', 'भाकरीला मीठ कमी, राजूला सांगायचं'. राजू म्हणजे त्याची बायको, राजूबाई. प्रभुलिंगचा सेट जुना, सैन्यातल्या कुणाकडून घेतलेला. त्याला एक खोड होती: बोलून झाल्यावर बटन सोडलं की पलीकडच्याला एक बारीक 'हुक्' ऐकू यायचं. ग्यानबा म्हणायचा, "प्रभू, तुझ्या सेटला उचकी लागायलीय बघ. कुणीतरी आठवण काढायलंय." प्रभुलिंगने तीनदा उघडून पाहिलं, दोष सापडला नाही. नंतर त्याने नाद सोडला.

आणि त्यांचा एक नियम होता. सहा वर्षांपूर्वी चिंचोळीच्या बाजूला, बोलणं संपवून माळ उतरताना प्रभुलिंगची गाडी घसरली, पाय मोडला. फोनला रेंज नाही. ग्यानबा तिकडे आपल्या माळावरून उतरून घरी जाऊन जेवून झोपलासुद्धा. पाच तासांनी गुराख्यांनी प्रभुलिंगला वर काढलं. दवाखान्यात ग्यानबा पायाशी बसून रडला आणि तिथेच ठरलं: इथून पुढे माळावरच्याने आधी 'उतरतो' म्हणायचं. दुसऱ्याने 'उतर' म्हणायचं. ते ऐकल्याशिवाय खाली पाऊल टाकायचं नाही. म्हणजे कोण कधी निघाला, ते पलीकडच्याला ठाऊक राहील. तासाभरात फोन आला नाही तर शोधायला निघता येईल. त्यानंतर एकही माळ 'उतर'शिवाय उतरलेला नव्हता. उमादेवी म्हणायची, नवरा-बायकोत सुद्धा एवढं विचारून कुणी जात नाही.

शंभरावा माळ खजुरीच्या पलीकडे, महाराष्ट्राच्या शिवेला टेकलेला. गावातले त्याला कावळ्याचा माळ म्हणतात. वर झाड नाही, झुडूप नाही. गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये ग्यानबा त्यावर चढला. प्रभुलिंग दुकानात सेटपाशी, छतावरच्या अँटेनाला जोडून बसला होता. नव्वद-एक किलोमीटरचं अंतर, त्यात ग्यानबाची बॅटरी पडत चाललेली. प्रभुलिंगला हाक ऐकू आली, ग्यानबाचं नाव ऐकू आलं, आणि पुढचा आकडा यायच्या आत आवाज खरखरीत बुडाला. ग्यानबाला इकडचं सगळं स्वच्छ गेलं होतं. त्याने वहीत लिहिलं, शंभर. बॅटरी झटकून एकदा जोडली तेव्हा 'उतरतो' आणि 'उतर' एवढं कसंबसं झालं. माळ उतरून तो सरळ आळंदला गेला, पाच किलो पेढे घेतले आणि खजुरीत घरोघरी वाटले.

त्या रविवारी संध्याकाळी सहा वाजता आसपासच्या जिल्ह्यांतल्या हॅम लोकांची हवेवरची बैठक होती. तीस-चाळीस माणसं ऐकत होती. ग्यानबाने सांगितलं, शंभर झाले. अभिनंदनं सुरू झाली. आणि प्रभुलिंगने बटन दाबलं.

"त्यो धरता येत न्हाई," तो म्हणाला. "मला आकडा मिळाला न्हाई. दोन्हीकडनं पुरं झालं न्हाई तर धरायचं नसतंय."

ग्यानबाने लगेच बटन दाबलं.

"प्रभू, आरं माझा आवाज वळखलास का न्हाई?"

"वळखलो. आवाज वळखणं येगळं, आकडा येगळा."

"मी पेढे वाटलो की रं गावात."

"पेढ्याचं मला म्हाईत न्हाई. माझ्या वहीत ते बसत न्हाई."

तेव्हा ग्यानबा बोलला ते सगळ्यांनी ऐकलं. "तुझ्या वहीत माणूस बी बसत न्हाई, प्रभू."

नियमाने पाहिलं तर प्रभुलिंगचं चूक नव्हतं, हे कुणीही सांगेल. पण चाळीस माणसांत सांगायची काही गरज होती का? फोन करून म्हणता आलं असतं, गड्या, पुन्हा एकदा चढ, नीट करू. त्याला ते त्या वेळी सुचलंच नाही. आणि ग्यानबाचं वाक्य मात्र काट्यासारखं आत मोडून बसलं. दोन आठवडे त्याने फोन केला नाही. ग्यानबानेही केला नाही. प्रभुलिंग तार गुंडाळताना मनातल्या मनात भांडत राही, आणि प्रत्येक भांडणात शेवटी ग्यानबा म्हणत असे, चुकलं माझं.

मग एप्रिलचा तो रविवार. कलबुर्गीच्या उन्हाचं काय सांगायचं. सकाळी नऊलाच पत्रा हात लावू देत नव्हता. प्रभुलिंग दुकानात एका बोअरवेलच्या मोटारीवर बसला होता, कोपऱ्यात सेट नेहमीच्या जागी चालू होता. दहाच्या ठोक्याला ग्यानबाचा आवाज आला. स्वच्छ, जवळ, जणू दारात उभा आहे.

"प्रभू, ग्यानबा बोलायलोय. कावळ्याच्या माळावर हाय. नवी बॅटरी आणलोय बघ. तुझ्या नियमानं सगळं करू. ये."

तो नमतं घेऊन आला होता. असल्या उन्हातून, दगडांतून गाडी हाकत, जो माळ त्याच्या लेखी झालेला होता, तोच पुन्हा चढून आला होता, का तर प्रभुलिंगच्या वहीत बसावा. प्रभुलिंगला ते कळलं. तरीही तो उठला नाही. आधी चुकलं म्हण, मग बोलतो. सव्वा दहाला पुन्हा हाक आली, साडेदहाला पुन्हा. पावणेअकराच्या सुमाराला तो उठला, सेटजवळ गेला, बटन दाबलं. तोंड उघडलं. शब्द बाहेर येईना. कसला मान आड आला देव जाणे. त्याने बटन सोडून दिलं, आवाज अगदी बारीक केला आणि परत मोटारीशी जाऊन बसला.

साडेअकराला वरच्या घरातून उमादेवीने हाक दिली, "ऊटक बर्री." तो जेवायला गेला. जेवून आल्यावर एक शेतकरी पंप घेऊन आला, त्याच्याशी बोलण्यात वेळ गेला. दोनला त्याने आवाज मोठा केला तेव्हा सेटमध्ये नुसती खरखर होती. गेला असंल उतरून, त्याने मनाशी म्हटलं. कसा उतरला असंल, हे त्याने स्वतःला विचारलं नाही.

साडेपाचला खजुरीहून फोन आला. मेंढरं घेऊन गेलेल्या एका धनगराला ग्यानबा दिसला. माळावर तेवढीच एक सावली होती, गाडीची, तिच्यात डोकं घालून तो पडला होता. ऊन लागलं आणि त्यात छातीत कळ आली, असं डॉक्टर म्हणाले.

प्रभुलिंग अंत्यविधीला गेला, तिसऱ्याला गेला, दहाव्याला गेला. दहाव्या दिवशी राजूबाईने त्याला विचारलं. डोळ्यांत पाणी नव्हतं, ते आटून गेलं होतं.

"भावजी, त्या दिशी तुमचं बोलणं झालंतं का त्यांच्यासंगं?"

सगळे पाहुणे बसलेले. तिची लेक अंजू शेजारी. प्रभुलिंग म्हणाला, "न्हाई वैनी. माझा सेट बंद हुता. मला ऐकूच आलं न्हाई."

ज्या माणसाने न ऐकलेला एक आकडा ऐकला म्हणून लिहायला नकार दिला होता, त्याने कानाने ऐकलेला माणूस ऐकला नाही म्हणून सांगितलं. किती सहज आलं ते तोंडातून. घरी येऊन त्याने नोंदवही उघडली, तारीख घातली आणि पुढे लिहिता येईना म्हणून मिटून ठेवली. त्यानंतर ती वही उघडली नाही. सेटची वायर काढली. रविवारी बैठकीत त्याच्या नावाचा पुकारा व्हायचा, दोनदा, तीनदा. कुणी जबाब देत नाही म्हटल्यावर पुढचं नाव घ्यायचे. खजुरीला जायचंही त्याने बंद केलं. तोंड कसं दाखवणार? दुकानात एकदा एका मोटारीचे वेढे चुकले. तीस वर्षांत पहिल्यांदा. त्याने सगळी तार उपसून काढली आणि ती मांडीवर घेऊन तो बराच वेळ तसाच बसला.

वेळ अमावस्येला, रानात पूजा करून तिथेच जेवायच्या सणाला, दरवर्षी तो आणि उमादेवी ग्यानबाच्या रानात जेवायला असत. यंदा जायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. चार दिवस आधी राजूबाईचा फोन आला.

"या म्हणायलाव भावजी. आंबील केलाव. आन् तुमचा बोलायचा डबा बी आणा."

"डबा कामून, वैनी?"

"आणा तर."

उमादेवीला ताप होता म्हणून तो एकटाच निघाला. मागे सेट आणि बॅटरी बांधली. वाटेत रानारानांत कडब्याच्या कोप्या उभारलेल्या, लोक टोपल्या डोक्यावर घेऊन चाललेले. खजुरीच्या रानात राजूबाईने पूजा उरकली होती. अंजू तिच्या सासरी होती. राजूबाईने त्याला बसूसुद्धा दिलं नाही. आंबिलीचं लोटकं आणि भज्जीचा डबा पिशवीत घातला, खांद्याला ग्यानबाची झोळी अडकवली आणि म्हणाली, "चला. जिथं बसायचे ती जागा दावा मला."

"माळावर? तुमी?"

"व्हय. मी कदी वर गेले न्हाई. आठ म्हैने झाले, रोज खालनं बघाय लागले."

पायथ्यापर्यंत ती त्याच्या गाडीवर मागे बसून आली, एका हाताने लोटकं सावरत. मग पायवाट संपून दगड लागले. प्रभुलिंगने पहिल्या गिअरात गाडी चढवली, ती पदर खोचून पायी आली. वर वारा होता. थंडीचे दिवस, ऊन कोवळं होतं. गाडी उभी करायला एवढी सपाट जागा कुठली, तर जिथे यामाहाच्या स्टँडचा खड्डा अजून होता तीच. राजूबाई त्या खड्ड्याजवळ जाऊन बसली आणि जमिनीवरून हात फिरवत राहिली. प्रभुलिंग दुसरीकडे बघत उभा होता.

मग तिने झोळी उघडली. आत ग्यानबाचा हातातला सेट होता, पाण्याची रिकामी बाटली होती आणि दोनशे पानी वही होती.

"गाडीसंगं आली ही झोळी. मी हात लावले न्हाई. परवा उघडले तर वही निगाली." तिने शेवटचं लिहिलेलं पान काढून त्याच्यापुढे धरलं. "वाचा."

"अंजूकडनं वाचून घ्यायचं की, वैनी."

"गावात बी कुणाला दाखवले न्हाई. ते तुमा दोघांचं बोलणं. तुमालाच कळतंय. वाचा."

ग्यानबाचं मोठं, उजवीकडे पडत जाणारं अक्षर. वर तारीख. प्रभुलिंगने नुसती नजर टाकली आणि त्याला सगळं एकदम दिसलं. तो वाचू लागला.

"धा वाजता. प्रभूला हाक दिलो. जबाब न्हाई." त्याने बोट पुढच्या ओळीवर सरकवलं. "सव्वा धा. हाक. न्हाई. साडेधा. हाक. न्हाई. वारं लई." त्याने वही मिटायला घेतली. "एवढंच हाय, वैनी."

राजूबाईने बोट वहीत घालून ती मिटू दिली नाही. "मला वाचता येत न्हाई, मोजता येतंय. सात वळी हायत. तुमी तीन वाचलाव."

प्रभुलिंग खाली बसला. आता सांगितलं नाही तर कधीच सांगता येणार नाही, हे त्याला कळलं. त्याने वही मांडीवर ठेवली आणि एकेक ओळ, दुकानात वेढे मोजतो तशी, न चुकता वाचली.

"धा चाळीस. उचकी आली. प्रभू हाय तिकडं. रुसलाय गडी. बोलंल थोड्या येळानं. थांबतो.

"सव्वा अकरा. हाक. न्हाई. आंटेना उभी करून बघितलो, आडवी करून बघितलो.

"बारा वाजून पाच. प्रभूला म्हणलो, चुकलं माझं, वहीचं तुझंच खरं. जबाब न्हाई. जेवाय गेला आसंल."

इथे तो थांबला. ते शब्द ग्यानबाने उच्चारले होते. ज्यांच्यासाठी तो अडून बसला होता तेच शब्द, या उन्हात उभं राहून, आणि कोळारमध्ये बारीक केलेल्या सेटमधून ते रिकाम्या दुकानात पडून गेले होते. प्रभुलिंगच्या तोंडून एक आवाज निघाला, तो रडण्याचा होता की कशाचा ते त्यालाही कळलं नाही.

"सातवी," राजूबाई म्हणाली.

"बारा पन्नास. पाणी सपलं. ऊन लई हाय. प्रभू उतर म्हणला की निगतो."

वारा वहीची पानं उलटत होता. प्रभुलिंगने ती दोन्ही हातांनी दाबून धरली.

"उचकी मंजी काय?" राजूबाईने विचारलं.

त्याने सांगितलं. सेटची खोड सांगितली, बटन दाबलं ते सांगितलं, शब्द निघाला नाही ते सांगितलं. दहाव्याला सगळ्यांसमोर खोटं बोललो तेही सांगितलं. "सेट चालू हुता, वैनी. त्याच्या हाका ऐकायलतो मी. शब्द न् शब्द येत हुता, तर आवाज बारीक केलो. मी मारलो त्याला."

खाली खजुरीच्या रानात कुणीतरी कोपीपाशी जेवत होतं, पोरांचा आवाज वर येत होता. मग ती त्याच्याकडे न बघता, स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "येक शब्द तर बोलायचा हुता, भावजी."

"व्हय."

"येकच."

"व्हय, वैनी."

तिने लोटक्यावरचं फडकं सोडलं, वाटीत आंबील ओतली आणि त्याच्यापुढे ठेवली. सणाच्या दिवशी रानातून कुणाला उपाशी जाऊ देत नाहीत. "मला आठ म्हैने वाटायलतं, येकटेच गेले. कुणी न्हाई, काय न्हाई. ह्या उघड्यावर." तिने पदराने डोळे पुसले. "त्यास्नी म्हाईत हुतं तुमी तिकडं हाव म्हणून. मंजी येकटे न्हवते ते."

तिने शिव्या दिल्या असत्या, वही तोंडावर फेकली असती, तर प्रभुलिंगने सोसलं असतं. घरून येताना त्याची तयारी त्याने केली होती. हे त्याला सोसवेना. वाटी हातात घेतली आणि तशीच खाली ठेवली. ज्या मुक्या बटनाने ग्यानबाला माळावर अडकवून ठेवलं, त्याचाच ही बाई आधार करून घेत होती, आणि तो आधार काढून घ्यायचा त्याला काय अधिकार होता?

थोड्या वेळाने राजूबाई म्हणाली, "तो डबा आणलाव न्हवं? मला दावा. कसं बोलायचे ते."

त्याने ग्यानबाचा सेट गाडीच्या बॅटरीला तारेने जोडून तिच्या मांडीवर दिला. आपला जुना सेट आणि बॅटरी उचलून तो पन्नास-एक पावलं पलीकडे, माळाच्या कडेला गेला. टेपची अँटेना उलगडली, पट्ट्या ताठ झाल्या. नेहमी इथून बीदरच्या दिशेला धरायची आणि तिकडून इकडे. आता कुठल्या दिशेला धरावी, ते त्याला ठरवता येईना. शेवटी त्याने ती नुसतीच उभी धरली आणि बटन दाबलं.

"ग्यानबा," तो म्हणाला, "प्रभू बोलायलोय. ऐकलो मी. सगळं ऐकलो." आणि मग थोडं थांबून, "उतर आता."

त्याने बटन सोडलं. मागे राजूबाईच्या मांडीवरच्या सेटमधून 'हुक्' असा बारीक आवाज झाला आणि नंतर काहीच नाही. तो वळून तिच्याजवळ आला. ती सेटकडे टक लावून बघत होती.

"ह्योच का त्यो आवाज?" तिने विचारलं.

"ह्योच," प्रभुलिंग म्हणाला.